आईच्या गुडघ्यांसाठी टब

॥ श्री महावीराय नमः ॥

निपाणी,
११ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. ब्राह्मी आक्कास,
जिनपालचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. उत्तराला उशीर झाला, कारण नवं घर. हे सगळं फोनवरही सांगितलं असतं, पण आपल्या घरातला फोन म्हणजे देवळातला कर्णा. एकानं बोलायचं आणि गल्लीनं ऐकायचं. त्यात आई फोन मांडीवरच घेऊन बसते. म्हणून कागद.

हायवेपलीकडचं शेतातलं घर आता रंगापर्यंत आलंय. अक्षय्य तृतीयेला प्रवेश करायचा. गल्लीतलं घर जूनपासून तंबाखूच्या व्यापाऱ्याला वखारीसाठी दिलंय, म्हणजे त्यानंतर इथं पोती राहणार, माणसं नव्हेत. आणि आई म्हणते, तुम्ही जावा, मी न्हाय येत.

कारण म्हणशील तर टब. साधा नव्हे. आतल्या भोकांतून जोरात पाणी मारणारा, जकूझी म्हणतात तो. आईचे गुडघे तुला माहीतच आहेत. डॉक्टरांनी गरम पाण्याचा शेक सांगितलाय. मी म्हटलं, गुडघ्यापुरती बादली कशाला, आख्खी आईच शेकून काढू. तिला कंपनीच्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. फेसात बसून हसणारी बाई होती. आईनं चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाली, बघा तुमचं तुम्ही. हे वाक्य तुला नवं नाही. आप्पांनी याच वाक्यापायी हॉटेलची भागीदारी सोडली होती.

माझा अंदाज असा की तिला पाण्याचं पाप वाटतं. एका आंघोळीला एवढं पाणी, ते गाळायचं कसं, त्यातल्या जिवांचं काय, हे तिच्या डोक्यात असणार. तिच्या सुनेचं, प्रियाचंही तेच मत. तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतेस आणि बस्तीच्या देवळातही तुझ्या शब्दाला मान आहे. टब चालतो असं एकदा नीट लिहून पाठव, मी आईला वाचून दाखवतो. चिकोडीच्या माझ्या मेव्हण्यानं गेल्या साली बसवला, त्याला कुणी वाळीत टाकलेलं नाही. त्याचं बघून मी करतोय असं मात्र मनात आणू नकोस. त्याच्या टबाला चारच भोकं आहेत.

श्रेयांसरावांना नमस्कार. आहे तो लोभ टबापायी आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
जिनपाल

*

टिळकवाडी, बेळगाव,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. जिनपाल यास,
ब्राह्मीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा काळजी वाटली आणि तिसऱ्यांदा ती काळजी आईची आहे की माझी, असा प्रश्न पडला. तो प्रश्न तात्पुरता बाजूला ठेवून तुझ्या प्रश्नाकडे वळते.

आई अजून विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळते. गाळून झालं की फडकं उलटं करून, त्यात अडकलेले जीव ज्या विहिरीतले तिथंच परत सोडायचे. ही जिवाणी सोडायचं काम लहानपणी आपल्या दोघांकडं असायचं. तू खेळायला जायच्या घाईत फडकं अंगणातच झटकायचास आणि मी रात्री त्या जिवांसाठी रडायचे. आता विचार कर. टबभर पाणी गाळलं, हे एक वेळ जमेल. पण तुझी ती मोटार पाणी आत ओढून पुन्हा बाहेर मारते. गाळणीतून सुटलेल्या जिवाचं त्या पंख्यात काय होत असेल? पाणी तापवल्यावर दोष आधीच घडलेला असतो की मोटारीनं नव्याने घडतो? एका भोकानं जितका दोष, चार भोकांनी त्याच्या चौपट होतो का? मी हे सगळं वर्गात शिकवलेल्या ज्ञानाशी ताडून बघायला गेले, तर वर्गात मी कधीच काही नीट शिकवलं नाही असं वाटायला लागलं.

म्हणून बस्तीतल्या शास्त्रीबुवांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की पाणी गाळलं तर दोष कमी, मोजकं वापरलं तर आणखी कमी, आणि उतरलंच नाही तर मुळीच नाही. मग डोळे उघडून, आवाज खाली आणून विचारलं की त्यांच्या कंबरेला ते बरं पडेल का आणि टब बसला की एकदा बघायला आलं तर चालेल का.

तेव्हा माझं मत असं: टब नसावा. असलाच तर मोटार नसावी. मोटार असलीच तर चातुर्मासात बंद असावी. याला मत म्हणतात का, हे तूच ठरव.

आता बाजूला ठेवलेला प्रश्न. आई तुझ्याकडे आली नाही तर ती माझ्याकडे येईल. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. इथं विहीर हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, आणि टँकरच्या पाण्याची जिवाणी कुठल्या टँकरमागे धावत जाऊन सोडायची? तुला टब घेऊ नकोस असं सांगताना मी आईच्या व्रताचा विचार करते आहे की माझ्या स्वयंपाकघराचा, हे मला अजून उमगलेलं नाही. उमगलं की कळवते.

प्रियाला आशीर्वाद. माझ्या शंका वाढतात तसा लोभही वाढतोच, तो घ्यावा.

तुझी,
ब्राह्मी आक्का

*

निपाणी,
३ मार्च २०२४

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवायला घेतलं, पण पहिल्या पानाच्या शेवटी ती झोपली. दुसरं पान मी एकट्यानंच वाचलं आणि घडी घातली.

परवा बेळगावला आलतो. तुझ्याकडे यायला जमलं नाही, रागवू नकोस, शोरूममध्येच दिवस गेला. तिथला पोरगा कन्नडात स्वागत करतो, हिंदीत समजावतो आणि महागाचा टब आला की इंग्रजीवर जातो. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी पंचवीस वर्षं शेतकऱ्यांना मोटारी आणि पाइप विकतो, मला फक्त एचपी सांग आणि हेड सांग, म्हणजे पाणी किती उंच चढतं ते. तो म्हणाला, सर, याला हेड नसतं, वेलनेस असतं. मग त्यानं पाठीचं भोक, कंबरेचं भोक, तळपायाचं भोक दाखवलं. मी विचारलं, गुडघ्याचं कुठं हाय? त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं आत बसून दाखवलं. आक्का, तो टबात बसला की त्याचे गुडघे पाण्याच्या रेषेच्या वर! म्हणाला, सर, गुडघा हा रिलॅक्स पार्ट आहे, तो बाहेरच राहतो. मी म्हटलं, अहो, आमच्याकडं नेमका तोच आजारी हाय.

एवढ्यानं मी माघार घेतली असती. पण प्रियाला सात रंगांचे दिवे असलेला आवडला. पाण्याखाली निळा, जांभळा, हिरवा, एकामागून एक. ती म्हणाली, वहिनीच्या टबात दिवे न्हाईत. ती वहिनी म्हणजे चिकोडीची. मग मी मोठ्यातला मोठा टब घेतला, आडवं झालं तर आईचे गुडघे बुडतील असा. आता आई आडवी होऊन आंघोळ करेल का, हे मला विचारू नकोस. एकदा विकलेला माल परत घेत नाहीत, अशी पाटी तिथं आहे. ती मी बिल झाल्यावर वाचली.

घरी येऊन सांगितलं. आईनं ट्रंक काढली, दोन लुगडी, जपमाळ आणि गाळण्याचं फडकं भरलं आणि ट्रंक दारामागं ठेवली. म्हणाली, मे महिन्यात मला ब्राह्मीकडं सोड. तुझ्या पाण्याच्या भीतीचा हा परिणाम दिसतो. तू तिला शांत कर. मुलानं नवं घर बांधलं आणि आई त्यात पाय ठेवत नाही म्हटल्यावर मी बस्तीत कुठल्या तोंडानं उभा राहू?

पुष्कळ लोभ आहे, अजून थोडा पाठवला तरी ठेवायला जागा आहे.

तुझा,
जिनपाल

*

बेळगाव,
२४ मार्च २०२४

चि. जिनपाल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नात्यातल्या एका लग्नासाठी निपाणीला आले तेव्हा तू दुकानाच्या कामानं कोल्हापूरला गेला होतास. प्रियानं मला आणि आईला रिक्षातून नवं घर दाखवायला नेलं. घर छान झालंय, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचायला बळ येईल.

प्रियानं दारातून सगळं दाखवलं. देवघर, स्वयंपाकघर, पोर्चला लागून आईची खोली. त्या खोलीतली मोरी मी उघडून बघितली. एक नळ, एक खुंटी. मी टब कुठं म्हणून विचारलं तर प्रिया जिना चढायला लागली. मीही चढले. अर्ध्यावर वळून बघितलं, तर आई खालच्या पायरीवर बसलेली. मी तिला वर चल म्हटलं. ती म्हणाली, तू बघून ये आणि मला सांग, कसा हाय माझा टब.

जिनपाल, टब तुमच्या झोपायच्या खोलीला लागून आहे. आईच्या गुडघ्यांच्या नावानं आणलेली वस्तू तू अशा ठिकाणी ठेवलीस जिथं पोचायला चांगले गुडघे लागतात. मी वर उभी राहून तो पांढराशुभ्र टब बघत होते आणि प्रिया मला बटण दाबून दिवे दाखवत होती. मी जांभळ्या उजेडात उभी राहून विचार केला की हा मूर्खपणा आहे की लबाडी. मग वाटलं, लबाडीला थोडी अक्कल लागते. म्हणून मूर्खपणा असंच धरून चालते.

पण खाली उतरताना माझ्याच मनाला चिमटा बसला. महिनाभर मी पाण्यातल्या जिवांचाच विचार करत होते. आई गप्प का, याचं शास्त्रातलं कारण मला हवं होतं, कारण शास्त्राचा दोष कुणाच्याच अंगावर येत नाही. पायरीवर बसलेला जीव मात्र मला दिसला नव्हता.

उतरून आले आणि आईशेजारी पायरीवर बसले. दिवे लागतात, एवढं सांगितलं. ती म्हणाली, व्हय, प्रियानं सांगितलं मला. सात रंगाचं हाईत.

आता सरळ सांगते. टब खाली आण, नाहीतर तो आईसाठी घेतला हे म्हणणं तरी बंद कर. आणि हे काम प्रियावर ढकलू नकोस.

रागात लिहिलं तरी माया त्यातच आहे, ती गाळून घे.

तुझी,
ब्राह्मी आक्का

*

निपाणी,
२२ एप्रिल २०२४

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. म्हणजे दुपारचं गेलं नाही. त्यामुळं उत्तराला महिना लागला. जिन्याचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, शपथ. इंजिनियरनं विचारलं टब कुठं, मी म्हटलं मोठ्या बाथरूममध्ये. मोठं बाथरूम वर. आईची मोरी लहान का, तर ती दोन तांब्यांत आंघोळ उरकते, म्हणून तीच म्हणाली होती मला लहान चालंल. मी तर तिचं ऐकलं! मग खाली आणायचं विचारलं तर इंजिनियर म्हणाला पाइप वरच्या भिंतीत गेलेत, मोरीची भिंत पाडावी लागेल. मी म्हटलं, पुढंमागं आईला लिफ्ट बसवू. प्रिया म्हणाली, टबासाठी लिफ्ट, मग लिफ्टसाठी काय? ती हल्ली तुझ्यासारखं बोलते.

पण मी सगळ्याचा निकाल लावलाय. नीट वाच.

काल महावीर जयंती. मुनिमहाराज विहार करत आलेत, बस्तीच्या मांडवात प्रवचन होतं. शेवटी महाराजांनी सांगितलं की आज प्रत्येकानं कशाचा तरी त्याग करून नियम घ्यावा. लोक एकेक करून उठू लागले. आमच्या शेजारच्या सावकारानं परदेशप्रवासाचा त्याग केला. त्याचा पासपोर्ट अजून निघायचाय. एकानं तिखटाचा केला, त्याला मूळव्याध आहे. साखरेचा आजार असलेल्या तिघांनी मिळून पेढ्याचा केला. प्रत्येकाला जयजयकार. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, पण मला एकदम समोर मार्ग दिसला. टबच नको म्हटल्यावर वर काय आणि खाली काय! मी उठलो आणि कर्ण्यावर सांगितलं, मी सहकुटुंब टबातल्या आंघोळीचा आजन्म त्याग करतो.

आक्का, असा जयजयकार पेढ्यालासुद्धा झाला नव्हता. ज्यांना टबाची बातमी नव्हती त्यांनाही ती कळली. महाराजांनी हात वर करून आशीर्वाद दिला. चिकोडीचा मेव्हणा बायकोमुलांसह पहिल्या रांगेत होता, तो खाली बघत बसला. त्याला आता घरी जाऊन त्या चार भोकांचं काय करावं हा प्रश्न पडला असणार. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं की आता येशील ना. ती म्हणाली, बघू. ट्रंक अजून दारामागंच आहे. प्रिया बायकांच्या बाजूला बसली होती, तिनं घरी येऊन एवढंच विचारलं, मी कवा उभी राहिले होते? कालपासून ती भाकरी वाढते, पण बोलत नाही. टब वर बसलेला आहे. परत जात नाही, वापरता येत नाही. रोज संध्याकाळी तिकडं गेलो की मी दिवे लावून बघतो. दिव्यांचा त्याग मी केलेला नाही.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली. आईला तूच काहीतरी सांग. तुझ्या लोभाचा मी त्याग केलेला नाही, हे ध्यानात असू दे.

तुझा,
जिनपाल

*

बेळगाव,
२६ एप्रिल २०२४

चि. जिनपाल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा त्याग वाचून श्रेयांस इतके हसले की शेजारच्यांनी बेल वाजवली. मीही हसले, आणि मग नियमाप्रमाणे स्वतःला विचारलं की मी कशाचा त्याग केलाय. गेल्या साली मी वांग्याचा केला होता. मला वांगं आवडत नाही.

आपण दोघं हुशार आहोत. टबाचं मोजमाप विचारलं, शास्त्र विचारलं, इंजिनियरला विचारलं, कर्ण्यावरून सगळ्या समाजाला कळवलं. तुला काय पाहिजे, एवढं मात्र आईला विचारायचं राहिलं. ते मी काल पत्रानं विचारलंय. फोनवर विचारलं असतं तर ती बघा तुमचं तुम्ही म्हणाली असती. कागदावर तसं म्हणायला तिला आळस वाटेल, असा माझा हिशेब.

त्यात असंही लिहिलंय की माझ्याकडं यायचं तर खुशाल ये, गाळणीचं आणि जिवाणीचं आपण बघू. हे लिहिलं सकाळी, आणि पेटीत टाकलं संध्याकाळी. मधला वेळ मी पत्र हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत हिंडत होते. तुला जिन्यावरून बोलले ती मीच, म्हणून हेही सांगायला हवं.

प्रियाशी आधी तू बोल. तिला न विचारता तिचाही त्याग करून बसलास, त्याची माफी कर्ण्यावर मागितलीस तरी चालेल.

लोभ वाढव, टब नको.

तुझी,
ब्राह्मी आक्का

*

निपाणी,
१ मे २०२४

चि. सौ. ब्राह्मी आणि चि. जिनपाल,
दोघांस आईचा आशीर्वाद. एकच पत्र दोघांना लिहिते. ब्राह्मीनं वाचून जिनपालला धाडावं. तो माझ्याच घरात हाय, पण समोर बोललं की लगेच उपाय सांगतो.

ब्राह्मीनं विचारलंय, तुला काय पाहिजे. लई वर्षांनी कुणी विचारलं. तुमचे आप्पा विचारायचे, पण उत्तराला थांबायचे न्हाईत.

मला टब पाहिजे.

चित्र बघितलं त्याच दिवशी मला तो पसंत पडलता. गुडघं रात्री इतकं ठणकतात की वाटतं कुणीतरी गरम पाण्यात नेऊन ठेवावं. पण म्हातारीनं एवढ्या मोठ्या वस्तूला पसंत म्हणायचं कसं, म्हणून मी बघा तुमचं तुम्ही म्हटलं. म्हटलं, लेक समजंल. लेकानं त्याची जागा माडीवर धरली, ते मला तवाच कळलं. मग ज्या घरात माझ्या नावाची वस्तू हाय आणि मला ती बघायलाबी मिळत न्हाय, त्या घरात मी कशाला यायचं? म्हणून ट्रंक भरली. पाण्याचं पाप माझ्या मनातबी नव्हतं. ते तुम्हा शिकलेल्यांनी काढलं. ब्राह्मीचं पत्र ऐकताना मी झोपले नव्हते, नुसते डोळे मिटले होते.

पापाचं म्हणशील तर जन्मभर दोन तांब्यांत आंघोळ केली. माझ्या वाटणीचं पुष्कळ पाणी विहिरीत तसंच पडून हाय. त्यातलं थोडं आता काढते. आठवड्यातनं एकदाच.

जिनपाल, तू नियम घेतलास, तो मोडू नको. महाराजांपुढं घेतलेला नियम हाय. तू आता जन्मात टबात पाय घालायचा न्हाय. सहकुटुंब म्हणालास ते मात्र चालत न्हाय. नियम ज्याचा त्यानं घ्यायचा असतो. मी त्या दिवशी मांडवात नव्हते, गुडघ्यानं घरातच होते. प्रिया होती, पण तिनं तोंड उघडलेलं न्हाय. तवा टबात मी बसणार आणि प्रिया बसणार. तिला मी कालच सांगितलं. ती हसली आणि आजपासून तुझ्या भाकरीबरोबर पिठलंबी करते म्हणाली. खाऊन घे.

मोरीची भिंत पाडायची तर पाड. मला खोली लहान झाली तर चालंल. घरच्या बोअरचं पाणी नको, त्यात जिवाणी परत कशी सोडणार? शेतातल्या विहिरीचं पाणी तू शेंदायचं. पाणी शेंदायचा त्याग तू केलेला न्हाईस. ब्राह्मी, तू रविवारी येत जा आणि गाळणं धरत जा. शंका आल्या तर धरता धरता मनातल्या मनात ठेव, हात हलवू नको. आंघोळ झाली की पाणी नारळांना सोडायचं. जोरानं पाणी मारायची ती मोटार बंद ठेवा. सासूनं जन्मभर मला ढुशा दिल्यात तेवढ्या बास. दिवे मात्र लावा.

ब्राह्मी, तू मला बोलावलंस, मला बरं वाटलं. पत्र टाकताना तुला जड गेलं असंल, तेबी मला कळतंय. तुझ्याकडं मी दिवाळीला येईन, चार दिवस. तवा आपण टँकरच्या पाण्याचं बघू.

माझ्यावर माया करता, तशीच करा, फक्त आधी विचारत जावा.

अक्षय्य तृतीयेला मी नव्या घरात येते. आदल्या दिवशी टब खाली येऊ दे, मग मी. दोन जड वस्तू एकाच दिवशी हलवू नका.

तुमची,
आई